उंबेर लोकांची लोकसंख्या

खैरगावच्या कम्युनिटी कॉलेजात 'मानव्यविद्या व संस्कृती' या विषयाला नाव घातलं की प्रत्येकाला वर्षभरासाठी एक संपून गेलेला समाज मिळतो. मंदाकिनी टेकाळे यांना उंबेर मिळाले.

मंदाकिनीबाई एकोणसाठ वर्षांच्या. एसटी स्टँडावर अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी सुरतेला दिलेली, ती रविवारी फोन करायची. घरात बसून जीव आंबतो म्हणून त्यांनी नाव घातलं. विभागप्रमुख पांचाळ सरांनी कपाटातून फाईल काढून दिली, सही घेतली आणि सांगितलं की आजपासून उंबेर लोकांची लोकसंख्या एक. वर्षभर त्यांच्या रीतीनं राहायचं, काही मोडलं तर आपणहून नोंदवायचं. प्रात्यक्षिकाला चाळीस गुण.

शेजारच्या बाकावर शबाना आतार बसायची, ब्लाऊज शिवणारी, तिशीतली. तिला जे लोक मिळाले होते ते एकमेकांची सावलीही टाळायचे, भेट झालीच तर दोघंही आंघोळ करायचे. तिला काहीच जड गेलं नाही. पहिल्या चाचणीत ती वर्गात पहिली आली.

उंबेरांचं तसं नव्हतं. त्यांची एकही गोष्ट एकट्यानं व्हायची नाही. एकानं चूल पेटवायची, दुसऱ्यानं "पेटली" म्हणायचं. एकानं दार लावायचं, दुसऱ्यानं आतून हाक द्यायची. आणि दुसऱ्या उंबेरानं "जेव" म्हटल्याशिवाय उंबेर माणूस घास घ्यायचा नाही.

पहिल्या दिवशी बाई पान वाढून तीन वाजेपर्यंत बसल्या. मग जेवल्या. चार वर्षं त्या अशाच जेवत होत्या, पण तेव्हा तो गुन्हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियमाप्रमाणे सभा बोलावली. सभा त्यांच्याच ओसरीवर भरली. अध्यक्ष म्हणून त्यांनी विचारलं, काही सांगायचंय का. आरोपी म्हणून त्यांनी सांगितलं, भूक लागली होती. फाईलमध्ये भुकेला माफी नव्हती. शिक्षा तीन दिवस गावाबाहेर राहण्याची होती. बाईंनी कुलूप लावलं, पिशवीत दोन लुगडी घातली आणि जुन्या जकात नाक्यापलीकडच्या भक्तनिवासात जाऊन राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्या नाक्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. फाईलच्या एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की परतणाऱ्यानं वेशीबाहेर थांबावं. आतून एक उंबेर येईल, "कुठं होतीस?" म्हणून विचारील, खरं उत्तर मिळालं की हाताला धरून आत नेईल. बाई दुपारपर्यंत थांबल्या. ट्रक जात होते, उसाच्या गाड्या जात होत्या. आतून कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी सरांना फोन लावला.

पांचाळ सर स्कूटरवरून रजिस्टर घेऊन आले आणि वेशीच्या आतल्या बाजूला उभे राहिले. त्यांनी स्पष्टच सांगितलं, की सध्या उंबेरांची लोकसंख्या शून्य आहे, आणि आज पाचपर्यंत ती शून्यच राहिली तर समाज बंद करावा लागेल. बाईंनी विचारलं, शबाना येऊन आत घेईल का. सर म्हणाले, एका विद्यार्थ्याला एकच समाज. शिवाय तिच्या लोकांना हात धरणं चालत नाही.

"मग तुम्हीच घ्या ना, सर."

"कर्मचाऱ्यांना कुठल्याच समाजात राहता येत नाही, बाई. नियुक्तिपत्रातच तशी अट असते." सरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तुम्ही फाईल परत करू शकता. गुण जातील, पण त्रास संपेल. फक्त उंबेर मग पुन्हा कुणाला मिळणार नाहीत."

बाईंनी फाईल पिशवीतून काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत पिशवीत ठेवली.

सर बराच वेळ नियम चाळत होते. मग त्यांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून आदेश लिहिला: दुसरी व्यक्ती उपलब्ध नसल्यानं विद्यार्थिनीनं स्वतःच स्वतःला आत घ्यावं. खाली सही केली, शिक्का मारला.

बाई वेशीच्या आत आल्या, पदर नीट केला आणि बाहेरच्या रिकाम्या जागेकडं बघून घोषणेच्या स्वच्छ आवाजात विचारलं, "कुठं होतीस?"

मग बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "भक्तनिवासात."

सर लिहायला लागले, पण बाईंनी हातानं थांबवलं. उत्तर खरं की खोटं हे विचारणाऱ्यानं ठरवायचं असतं, तसं पानावर होतं. त्या पुन्हा आत आल्या. त्यांना ते उत्तर पटलं नव्हतं.

"कुठं होतीस?"

त्या पुन्हा बाहेर गेल्या. सर घड्याळाकडं बघत होते, पण त्यांनी घाई केली नाही. बाई मैलाच्या दगडावर बसल्या. उठल्या.

"घरीच होते," त्या म्हणाल्या. "चार वर्षं."

या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उजव्या हातानं डावा हात धरला आणि जरा सावकाशच, बरोबरच्याला ठेच लागू नये अशा बेतानं, स्वतःला वेशीच्या आत आणलं.

सरांनी नोंद केली: वेळ चार बावन्न. लोकसंख्या एक. रजिस्टर मिटून त्यांनी विचारलं, घरापर्यंत सोडू का. बाई नको म्हणाल्या. उंबेर माणसाला आत घेतलं की घरापर्यंत चालत नेतात.

सर स्कूटरवरून पुढं निघून गेले. बाई डाव्या कडेनं चालू लागल्या, उजवीकडं एका माणसापुरती जागा सोडून.