आप्पांच्या वायफायची पाटी

परशराम आप्पांच्या घरात झाडूवरही नाव लिहिलेलं आहे. मुठीला पांढरा ऑइलपेंट, त्यावर लाल अक्षरांत 'झाडू', आणि खाली उजव्या कोपऱ्यात, दुकानाच्या पाटीवर असते तशी बारीक सही : परशराम, बेळगाव. बादलीवर 'बादली' आहे, शिडीवर 'शिडी' आहे. मांजराच्या गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्यावर 'मांजर' आहे. ते मांजर आहे हे सगळ्या गल्लीला दिसतं, मग लिहायचं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "आधी नाव, मग काम." मांजराचं काम काय, हे विचारायचं राहून गेलं.

आप्पा आमचे शेजारी. धंद्यानं पेंटर. खडेबाजारातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या एकेकाळी त्यांच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आले आणि आप्पांचे ब्रश घरातल्या उरलेल्या वस्तूंकडे वळले. आता सत्तरी ओलांडली, तरी बाहेर पडले की दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत चालतात. लोंढ्याला एकदा स्टेशनच्या पाटीसमोर उभे राहून 'ढ' चं पोट नीट का भरलेलं नाही याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांची गाडी निघून गेली. कोणी त्यांना पत्ता विचारला, वेळ विचारली, अगदी तब्येत विचारली, तरी पहिलं उत्तर ठरलेलं : "पाटी वाच आधी."

आमच्या बेळगावात पाटी ही साधी गोष्ट नाही. कोणती भाषा वर, कोणती खाली, कोणाचं अक्षर मोठं, यावरून इथे मोर्चे निघतात आणि मोर्चा पांगला की एखाद्या पाटीला डांबर फासलेलं असतं. डांबर कोणत्याही बाजूनं फासलेलं असो, दुसऱ्या दिवशी ती पाटी पुन्हा रंगवायला आप्पांनाच बोलावणं यायचं. त्यांचं कन्नड अक्षरही देखणं होतं. फरक एवढाच, की मराठी पाटीखाली ते सही करायचे आणि कन्नड पाटीखाली करायचे नाहीत. "मजुरी घेतली, अक्षर दिलं. सही कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

मला ते तेव्हा फार पटायचं. माझ्या वडिलांचं छपाईचं छोटं दुकान होतं. मी अंकलिपीच्या आधी मराठीच्या मोर्च्यांची पत्रकं वाचली आहेत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या घरी वायफाय आलं आणि त्याला नाव काय द्यायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा माझ्याच फोनवरून, माझ्याच हातानं, मराठीत मी टाइप केलं : मराठी पाटी.

आप्पा खूश झाले. गल्लीत कोणीही फोन उघडला, की वायफायच्या यादीत पहिल्यांदा 'मराठी पाटी' दिसायची. वाटेनं जाणाऱ्या पोलिसाच्या फोनमध्येही दिसत असणार, असा त्यांचा हिशेब होता. परवानगी नाही, मोजमाप नाही, वर-खाली नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हिला कोन डांबर फासनार, सांग बघू?"

आप्पांच्या पत्नी सुमनकाकू. त्या घटप्रभेकडच्या एका खेड्यातल्या. माहेर कन्नड. आप्पांच्याशी मराठीत बोलतात, मांजराशी कन्नडमध्ये. माहेरच्या देवाचा रथ वर्षातून एकदा निघतो, आणि लग्न झाल्यापासून एकही रथ काकूंनी चुकवलेला नाही. बाळंतीण असतानाही गेलत्या. यंदा मात्र रथाच्या तीन आठवडे आधी त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी घातली आणि डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही म्हणून सांगितलं.

काकू रडल्या नाहीत. फक्त जो येईल त्याला, यंदा रथ कोणत्या वारी आहे ते सांगू लागल्या. सोमवारी. संध्याकाळी पाचला.

मग बातमी आली, की गावातली मंडळी यंदा रथ मोबाइलवरून थेट दाखवणार आहेत. आप्पांनी त्याच दिवशी टीव्हीला लावायचा नवा बॉक्स आणला, वायफायवर चालणारा. फोनवर रथ काडेपेटीएवढा दिसला असता आणि काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. बॉक्स आला तो बुधवारी. गुरुवारपर्यंत त्यावर 'बॉक्स' लिहून, सही करून, रंग वाळलेला होता.

फक्त त्याला वायफाय सापडत नव्हतं.

टीव्हीवर यादी यायची. तिच्यात समोरच्या पिठाच्या गिरणीचं वायफाय होतं, वरच्या माळ्यावरच्या भाडेकरूंचं होतं, पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचंही होतं. आप्पांचं नव्हतं. राउटर बॉक्सपासून चार हातांवर, त्याचे हिरवे दिवे चालू, फोनवर सगळं दिसतंय, आणि बॉक्स मात्र दातांच्या डॉक्टरांना ओळखतोय.

आप्पांनी राउटर कपाटावर ठेवला, मग खुर्चीवर, मग देव्हाऱ्याशेजारी. बॉक्स बंद करून चालू केला. रंगामुळे तर नसेल, म्हणून स्वतःच्या हातानं लिहिलेलं 'बॉक्स' टर्पेंटाइननं पुसलं. आप्पांनी स्वतःचं अक्षर पुसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी कंपनीला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मराठीसाठी आकडाच नव्हता. आप्पांनी काहीच दाबलं नाही. फोन कानाला लावून, कंपनीला लाज वाटेल या आशेनं, ते गप्प बसून राहिले. पलीकडच्या बाईंनी तीनदा तेच सांगून फोन ठेवला. शुक्रवारी त्यांनी हाच सत्याग्रह पाच वेळा केला. पलंगावरून काकू म्हणाल्या, "अवो, कन्नड येतंय न्हवं तुमाला. एक दाबा की."

"प्रश्न येन्याचा न्हाय," आप्पा म्हणाले.

मी माझ्या फोनवरून बॉक्सला इंटरनेट देते म्हटलं. माझ्या फोनचं नाव त्या बॉक्सला दिसत होतं. तर म्हणाले, माझ्या घरात तुझ्या नावाची पाटी कशी लावू?

याच दिवसांत आप्पा आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले होते. तिथले सगळे डबे लग्नाच्या वर्षीच त्यांनी रंगवलेले. साखर, मीठ, रवा, हळद, एकाखाली एक, सुंदर अक्षरांत. पहिल्या सकाळी त्यांनी 'साखर' वाचून चहात दोन चमचे घातले. चहा खारट झाला. मग 'मीठ' उघडलं, तर त्यात मुगाची डाळ. 'रवा' मध्ये सोडा होता. एकाही डब्यात पाटीप्रमाणे माल नव्हता. आप्पा डबे घेऊनच पलंगापाशी गेले आणि हा काय प्रकार म्हणून विचारलं.

काकूंनी शांतपणे सांगितलं, की साखर बूड चेपलेल्या डब्यात असते, हळद झाकण सैल असलेल्या डब्यात, आणि बाकीचं उघडून वास घेतला की कळतं.

"अगं पन पाटी हाय न्हवं त्येच्यावर."

"मला कुटं वाचाय येतंय?" काकू म्हणाल्या. "माजी शाळा कन्नड. चौथी."

हे मला आप्पांनीच सांगितलं, आमच्या कट्ट्यावर बसून. त्यांचा एकूण सूर तक्रारीचा होता. चाळीस वर्षं आपल्या सहीखाली चुकीचा माल होता, हे त्यांना फार लागलं होतं. मी हसले. ते हसले नाहीत. जाताना मध्येच थांबून म्हणाले, "चाळीस वर्सं मी तिला म्हनतोय, पाटी वाच आधी."

रविवारी कंपनीचा माणूस आला. नाव बसवराज. त्यानं राउटरकडे पाहिलं नाही, बॉक्सकडे पाहिलं नाही, स्वतःच्या खिशातला फोन काढून वायफायची यादी पाहिली आणि निकाल दिला : नाव इंग्रजी अक्षरांत पाहिजे. या बॉक्सला दुसरी अक्षरं कळत नाहीत. ज्याचं नाव कळत नाही, ते तो दाखवतच नाही.

आप्पा भडकले. अर्धा तास अस्सल कन्नडमध्ये त्यांनी बसवराजला मराठीची बाजू समजावली. बसवराजनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, की आजोबा, माझ्या घरी मी कन्नडमध्ये नाव ठेवलं होतं, तेही या बॉक्सनं घेतलं नाही. शत्रू दोघांचाही एकच निघाल्यावर भांडण तसं पुढे जात नाही. दुसरा बॉक्स मिळेल, पण आठवडा लागेल, असं सांगून बसवराज चहा पिऊन गेला. चहात साखर होती.

मी म्हटलं, नाव बदलायचं नाही. मी त्याच संध्याकाळी कंपनीला द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार केला. भारतीय लिपी न वाचणारा बॉक्स भारतात विकलाच कसा जातो, असा माझा मुद्दा होता आणि तो आजही बरोबर आहे. सोमवारी दुपारी मी तो घेऊन आप्पांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, एक वेलांटी सुधारली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"चांगलं लिवलंस," म्हणाले. "आता फोन काड. नाव बदलूया."

"आप्पा, माघार?"

"गप गं. टाइप कर. एन."

मी एन लावला.

"डबल ई. एल. ए. मग व्ही, आनि एक व्ही. आनि ए."

मी वाचलं. नीलव्वा. हे कोण, म्हणून विचारलं. आतल्या खोलीकडे एकदा बघून आप्पांनी आवाज उतरवला.

"तिचं नाव. माहेरचं. लग्नात बदललं न्हवं का."

"कोणी?"

"कोनी म्हंजे? मीच. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवत्यात की. सुमन. लई झकास अक्षर आलतं. मांडवातली मानसं वाकून वाकून बघून गेली." ते राउटरचे दिवे बघत राहिले. "तिनं हळूच इचारलं, काय लिवलंय? म्हटलं, तुजं नाव."

मी बटण दाबलं. फोनमधली 'मराठी पाटी' गेली. जरा वेळानं टीव्हीवरच्या यादीत, गिरणीच्या वर आणि डॉक्टरांच्या खाली, इंग्रजीतलं नीलव्वा उमटलं.

पाचला दहा कमी होते. काकूंचा पलंग आम्ही दारापर्यंत ओढला, म्हणजे टीव्ही समोर आला. पडद्यावर ते नाव अजून होतं. काकूंनी डोळे बारीक करून विचारलं, "काय लिवलंय?"

आप्पा म्हणाले, "काय न्हाय. लागलं वायफाय."

रथ निघाला. चित्र हलत होतं, मध्येच अडकत होतं, कोणाचं तरी डोकं सतत आडवं येत होतं. काकूंनी भावाला फेट्यावरून ओळखलं, रथाचा दोर नवा आहे हे ओळखलं, आणि गर्दीतल्या एका म्हातारीला तिच्या नावानं हाक मारली. त्या सगळा वेळ कन्नडमध्ये बोलत होत्या. चाकाखाली नारळ फुटला तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि पडल्या पडल्या हात जोडले. आप्पा खुर्चीवर बसले होते. रथ त्यांनी किती पाहिला कोण जाणे. त्यांची खुर्ची पलंगाकडे वळलेली होती.

आठवड्यानं नवा बॉक्स आला. मराठी वाचणारा आहे, असं बसवराजनं मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. मी नाव परत बदलायला म्हणून गेले, तर आप्पा म्हणाले, राहू दे.

पुढे काकू वॉकर धरून चालायला लागल्या. पहिल्या दिवशी पलंगापासून टीव्हीपर्यंतच जायचं होतं. त्या पोचल्या तेव्हा मी तिथेच होते. राउटर आता पांढरा होता आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं तीन अक्षरं लिहिलेली होती. कन्नड. शाळेत कन्नड होतं म्हणून मला ती वाचता आली. खाली उजव्या कोपऱ्यात सही होती : परशराम, बेळगाव.

काकू दम खात उभ्या होत्या. आप्पांनी मागून वॉकरला हात लावून ठेवला होता.

"पाटी वाच आधी," ते म्हणाले.

काकू वाकल्या. एकेका अक्षरावर बोट ठेवत, शाळेतल्या मुलीसारख्या, त्यांनी ओठातल्या ओठात वाचलं. तीन अक्षरांना बराच वेळ लागला. वाचून झाल्यावरही बोट तिथेच होतं.

"बारीक लिवलंय," काकू म्हणाल्या. "जरा मोट्टं काडायचं न्हवं?"

आप्पा ब्रश आणायला आत गेले.