निवांतरावांची झोप उडते

गाद्यांच्या दुकानात निवांतरावांना एकच काम होतं. काचेमागच्या पलंगावर आडवं व्हायचं आणि गिऱ्हाइकाला गादी दाखवायची. दाखवता दाखवता त्यांचा डोळा लागे. म्हणून सगळे त्यांना निवांतरावच म्हणत; त्यांचं खरं नाव मालकही विसरले होते. त्यांचा झोपेतला संथ श्वास पाहून रस्त्यावरची माणसं रेंगाळत, जांभया देत आत येत आणि गादी घेऊनच बाहेर पडत.

घरीही तेच. बायको बोलू लागली की दुसऱ्या वाक्याला ह्यांची मान कलायची.

"तुमचं मेटॅबॉलिझम झोपलंय," एका सकाळी तिने निदान केलं. "खाण्याच्या सवयी बदलून मी ते जागं करणार."

"झोपू दे की त्याला. कुणाला त्रास देतंय?"

ऐकतंय कोण? उठल्या उठल्या कोमट पाणी, मग उकडलेली अंडी, मग दर दोन तासांनी एक डबा. काकडी, भाजलेले दाणे, मिरपूड घातलेलं दही. बिचारी पहाटेपासून सोलत, चिरत, उकडत बसे.

आणि मेटॅबॉलिझम खरोखरच जागं झालं. निवांतराव पलंगावर टक्क डोळे उघडे ठेवून पडू लागले. पाय हलत, बोटं ताल धरत. गिऱ्हाइकं काचेपाशी थबकून पुढे जाऊ लागली.

"तुमच्याकडे बघून माझीच झोप उडालीय," मालक म्हणाले. "शनिवारपर्यंत थांबतो. मग दुसरा माणूस बघावा लागेल."

शनिवारी दुपारी बायको डबा घेऊन मालकांची समजूत घालायला आली. मालक आत फोनवर होते.

"टेक जरा," निवांतरावांनी पलंगावर जागा करून दिली.

"अहो, दाणे खाल्लेत ना..." म्हणता म्हणता ती कलंडली आणि तिचा डोळा लागला.

दुकान हळूहळू शांत झालं. काचेबाहेर कुणीतरी जांभई दिली आणि ती रस्ताभर पसरत गेली. माणसं पाय न वाजवता आत आली. मालक फोन ठेवून आले आणि कुजबुजत भाव सांगू लागले.

निवांतराव स्टुलावर बसून बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला झोपलेलं पाहिलंच नव्हतं. रोज तेच आधी झोपत आणि तिच्यानंतर उठत. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ती फार सुंदरही वाटली.

"हीच गादी हवी," एक गिऱ्हाईक हलकेच म्हणालं. "आत्ता नेतो."

"ही विकली गेलीय," निवांतराव म्हणाले.

"कुणाला?" मालक दचकले.

"मला. पगारातून कापा."

कुठल्या पगारातून, हे विचारायला मालकांनी तोंड उघडलं. पण बाहेर आली ती जांभईच.