कोच सबनीसांचा रविवार

सबनीस काकांना कधीही पोहे वाढू नयेत. ते त्यातले शेंगदाणे वेचून बशीत समोरासमोर अकरा-अकरा मांडतात आणि "हा बघ आपला क्वार्टरबॅक, सगळा डाव हाच चालवतो," म्हणत एकेक दाणा बोटाने पुढे सरकवतात. पोहे गार होतात. माझी बायको हल्ली शेंगदाणे घालतच नाही. तर परवा काकांनी मटार वापरले.

काका लंडनच्या हाउन्सलोतले आमचे शेजारी, हाडांचे निवृत्त डॉक्टर. अडुसष्टाव्या वर्षी ते हौसेने एका युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे कोच झाले. गाडी चालवणं त्यांनी सोडलंय, म्हणजे दर रविवारी भर पावसात त्यांना मैदानावर नेणं माझ्याकडे आलं. आठवडाभर ऑफिसात पिचलेल्या माणसाला रविवारी झोपायचं असतं, हे त्यांना पटतच नाही.

त्यांचं दैवत म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचा कुणी अमेरिकन कॉलेज-कोच. काका त्याला 'मास्तर' म्हणतात. मास्तरने नऊ कॉलेजं केली. आठांनी त्याला काढलं, नववं बंद पडलं. मोटरवेवर ही कारकीर्द इतक्यांदा ऐकलीय की माझा स्वतःचा सीव्हीही मला इतका पाठ नाही.

सामन्याआधी काका प्रत्येक धिप्पाड पोराला ग्लोव्ह काढायला लावून तळहातावर दही-साखर ठेवतात. मग समोरच्या टीमकडे वळतात.

"काका, ते अपोझिशन आहे!"

"अरे, तेही घरून निघालेत ना?"

मग ते आम्हाला तुडवतात.

सहावा सामना हरल्यावर कॅप्टन मान खाली घालून आला. "कोच, वी लव्ह यू. बट वी'ड लाइक टू विन वन."

परतताना काकांनी दह्याचा डबा मांडीवर धरला होता. मी म्हणालो, "बरं झालं, सुटलात. मास्तरला तर आठदा काढलं, तुम्हाला एकदाच."

"त्याला पुढचं गाव असायचं," काका म्हणाले. मग डब्याचं झाकण घट्ट लावत, "निखिलला सांगू नकोस हं."

निखिल त्यांचा मुलगा, अमेरिकेत ओहायोला असतो.

"त्याला या खेळाचं वेड, म्हणून तर शिकलो मी. पूर्वी फोनवर 'बरंय ना?', 'बरंय', की संपलं. आता रविवारी संध्याकाळी अर्धा तास बोलतो. डिफेन्स कसा फुटला, कोण चुकलं. टीम नसली तर काय बोलेल रे तो माझ्याशी?"

मला फार वाईट वाटलं. इतके रविवार मी नुसता कुरकुरत गाडी चालवली होती.

पुढच्या रविवारी मी आपणहून अलार्म लावला. एकटाच मैदानावर छत्रीखाली उभा राहून एकेक डाव वहीत उतरवला आणि फोनच्या वेळेआधी काकांच्या दारात पोचलो.

"हरलो," मी म्हणालो.

"ते ठीक आहे. कसे?" काका चष्मा शोधत म्हणाले. "सगळं सांग. अर्धा तास पुरलं पाहिजे."