माझ्या कॉम्प्युटरची कल्हई

करीमभाई माझ्या दुकानात आले की आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर उलटा हात ठेवतात, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मान हलवून म्हणतात, "भाऊ, ह्याला लई ताप हाय." समोर गिऱ्हाईक लग्नपत्रिकेत मामांची नावं वाढवून घेत असतं, आणि त्याच्यादेखत हे. माझ्या डोक्याला होणारा ताप कोणी मोजत नाही.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं पत्रिका आणि झेरॉक्सचं दुकान. करीमभाईंचं घर मागच्या भिंतीला लागून. घराण्याचा धंदा कल्हईचा. स्टीलच्या भांड्यांनी तो संपवला, तेव्हापासून हा माणूस रिकामा, आणि नेमका माझ्या नशिबी. मागच्या भिंतीला स्टूल लावून दिवसभर बसतात. चहा माझा, पेपर माझा, वर माझ्याच यंत्राची निंदा. "केवढा घोंगावतोय ह्याचा पंखा. मान्सानं मान्साचं ऐकायचं कसं?"

"ऐकायला आहे काय इथं?" मी म्हणायचो. त्यावर ते पेपरात डोकं घालायचे.

मग मोबाईलवर त्यांना कुठलासा व्हिडिओ सापडला. प्रोसेसरवरची धातूची टोपी उचकटायची, आतली वाळलेली पेस्ट खरवडायची आणि तिथं पाऱ्यासारखा पातळ धातू चोळायचा. ताप उतरतो, पंखा शांत होतो. करीमभाई खूश. "ही तर कल्हई हाय राव. कापसानं फिरवायची."

मी साफ नाही म्हटलं. ऐन लगीनसराईत हे धंदे कोण करतं? पण एका दुपारी पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला मढ गावाला गेलो, दुकान ह्यांच्या भरवशावर टाकून. परत येतो तर डबा उघडा, प्रोसेसर बोडका होऊन टेबलावर, आणि करीमभाई कापसाच्या बोळ्यानं त्यावर चकाकी फिरवतायत. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत. म्हणाले, "आता बोलू नका. हात हलंल."

मी तोंडाला येईल ते बोललो. हात काही हलला नाही. संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू झालं, हे कबूल करणं मला आजही जड जातं. पंखा चालू आहे की बंद, तेच कळेना.

सकाळी चहाला अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं उचललं, तर बूड पापडासारखं मोडून हातात आलं. उरलेला थेंब वाया कशाला घालवायचा, म्हणून ह्या गृहस्थांनी त्यालाही कल्हई करून ठेवली होती. तो धातू अ‍ॅल्युमिनियम खातो, हे म्हणे व्हिडिओत शेवटी सांगतात. ह्यांनी शेवट बघितलाच नव्हता.

मी तुकडे त्यांच्यापुढे आपटले. "माझ्या पंख्याचं एवढं काय वावडं आहे तुम्हाला?"

ते तोंड उघडणार तोच भिंतीपलीकडून आवाज आला. बारीक, घोगरा. "अजी... जरा पानी."

करीमभाई निघूनसुद्धा गेले.

भाभींच्या घशाचं ऑपरेशन झालंय, त्या अंथरुणाला खिळल्यात, हे मला ठाऊक होतं. खाट अगदी ह्याच भिंतीला आहे, हे नव्हतं.

परत येऊन ते स्टुलावर टेकले. "उशाशी बसलो की चिडती. म्हनती, मी मेल्यागत तोंड करून बसू नका, भायेर जावा. मंग हितं बसतो. पन पंख्यात तिची हाक ऐकू येत न्हवती. येकदा घरी गेलो तर पान्यासाठी रडत व्हती."

"मग सांगायचं ना. यंत्र बंद ठेवलं असतं मी."

"म्हनून तर न्हाई सांगितलं. लगीनसराई हाय तुमची."

माझा राग अजून गेलेला नाही. पातेल्याचा आहे, न विचारता हात घातल्याचा आहे, आणि सांगितलं नाही याचा सगळ्यात जास्त. नवं पातेलं स्टीलचं आणलंय. झेरॉक्सचं मशीन मात्र फार खडखडतं. ते लावण्याआधी मी हात थांबवतो आणि विचारतो, "काही हाक?"

करीमभाई भिंतीला कान लावून ऐकतात. मग म्हणतात, "न्हाई. लावा."