पावणेचार फुटांचा ओटा

भोयरकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. नंदनवनातल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी डोक्यावर गादी घेऊन जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावरच्या दारात एक गृहस्थ बनियनवर उभे होते. त्यांनी मला चपलांपासून गादीपर्यंत न्याहाळलं आणि आत तोंड करून ओरडले, "सुमन, नवीन भाडेकरू आला वं! पाच फूट पाच, गोलाई अडतीस. लाकूड कमी, साल जास्त!"

त्याला आता वीस वर्षं झाली. मधल्या काळात माझी गोलाई अडतीसची बेचाळीस झाली, आणि ती बातमीही मला टेलरच्या आधी काकांकडूनच कळली.

काकांची सारी नोकरी लकडगंजात, लाकडाच्या एका टालावर गेली. ट्रकमधून ओंडके उतरले की त्यांची लांबी, गोलाई मोजायची आणि ओंडक्याच्या तोंडावर खडूने आकडे लिहायचे, एवढंच काम. शेवटच्या वर्षांत तर म्हणे ते फीत खिशातून काढतच नसत. नुसतं पाहून आकडा सांगत. मालक मागून गुपचूप फीत लावून बघायचा आणि गुपचूपच गुंडाळून ठेवायचा. "फीत खोटी बोलंल गा," काका म्हणतात, "डोळा नाई बोलत."

नोकरी संपली, पण डोळ्याला कोण निवृत्त करणार? लग्नात अक्षता टाकता टाकता, दोन मंगलाष्टकांमधल्या नेमक्या शांततेत ते सांगणार, "नवरदेव पाऊण इंच बुटका पडून राहिला. बुटानं झाकलं हाय." पुढच्या चार रांगा मागे वळून बघतात, आणि दर वेळी त्यांच्या शेजारी मीच बसलेलो असतो.

स्वतः सुमनकाकूंना बघून आले तेव्हा घरी आईने विचारलं, "कशी हाय पोरगी?" काकांनी उत्तर दिलं, "पाच फूट एक. सरळ. एक गाठ नाई." सागवानाच्या माणसाला यापेक्षा मोठी तारीफ येत नाही. काकू ही गोष्ट सांगताना दर वेळी लाजायच्या, आणि दर वेळी सांगायच्या.

काकांच्या मनात मात्र एक खंत होती. "सारी जिंदगी आडव्या झाडाईत गेली," ते म्हणत. "माह्या नातवाले एकदा उभी झाडं दाखवाची हायेत."

खरी उभी झाडं त्यांनी एकदाच पाहिली होती. तरुणपणी मालकाबरोबर लाकडाच्या लिलावाला मेळघाटात गेले असताना, पक्की सडक संपल्यावर बरंच आत असलेल्या एका जुन्या विश्रामगृहात त्यांनी मुक्काम केला होता. वीज नाही, दुकान नाही, आता मोबाईलही लागत नाही. मोठ्या खोलीत एक पलंग. धाकट्या खोलीत दोन खाटा, आणि खिडकीखाली पावणेचार फुटांचा दगडी ओटा. त्या ओट्यावर बसलं की खिडकीत आभाळ दिसतच नाही, नुसते सागाचे बुंधे. चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या त्या खोल्यांची मापं काकांना तोंडपाठ होती. घरच्या सगळ्यांनी तिथे तीन दिवस राहायचं, हा त्यांचा बेत.

दहा वर्षांपूर्वी तो बेत खरोखर ठरला. मुलगा प्रशांत तेव्हा इथेच, शहराबाहेरच्या मिहानमध्ये नोकरीला होता. तो, सून नेहा, नातू अर्णव, आणि काका-काकू, अशी पाच माणसं. आणि काकांनी काय करावं? दिवाळी झाल्याबरोबर इमारतीच्या गच्चीवर खडूने अख्खं विश्रामगृह आखलं. खऱ्या मापाचं! पलंग, खाटा, ओटा, दाराची उघडझाप, सगळं; आणि झोपायच्या प्रत्येक जागेत त्या त्या माणसाच्या उंचीचा आकडा. मग रविवारी सगळ्यांना वर नेऊन झोपवलं. पलंगावर प्रशांत आणि नेहा, खाटांवर स्वतः आणि काकू. पाच वर्षांचा अर्णव ओट्यावर. "तीन फूट सात," काका खुशीत म्हणाले. "वरतं दोन इंच उशीले. ओटा जसा त्याच्यासाठीच बांधला."

महिन्याभरात प्रशांतला कॅनडाची नोकरी मिळाली. बेत पुढल्या वर्षावर गेला. पुढल्या वर्षी सुट्टी नव्हती. त्याच्या पुढल्या वर्षी नेहाच्या बहिणीचं लग्न होतं. काकांनी तालीम मात्र सोडली नाही. दर वर्षी पावसात वाहून गेलेलं विश्रामगृह दिवाळीनंतर पुन्हा उभं राहायचं, आणि मंडळी कॅनडात असल्यामुळे बदली कलाकार म्हणून आम्ही.

मी प्रशांत. आमची मीना म्हणजे नेहा. अर्णवच्या जागी आमच्या दिवाणावरचा लोड, ज्याला काका दर वेळी पांघरूण घालत. भर दुपारी चार वाजता, अर्ध्या इमारतीच्या साक्षीने, आम्ही नवराबायको खडूच्या पलंगावर हात छातीशी बांधून पडलेलो असायचो.

"सुधीर, कूस बदलून दाखव."

मी बदलायचो.

"बाप्पा! अर्धा तं पलंगाच्या भायेर गेला हा. प्रशांत असा नाई झोपत."

"काका, प्रशांतला बोलवा मग," मीना पडल्या पडल्याच म्हणायची.

बाजूच्या खाटेवर काकू तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. "अवो, मले अजून किती वेळ झोपवता? खाली कुकर लागला हाय."

"जंगलात कुकर नसते," काका म्हणायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा नेमक्या खडूच्या व्हरांड्यातच मूगवड्या वाळत घालून गेल्या. आम्हाला वाटलं, आता भांडण. काकांनी वड्यांना वळसा घातला आणि एवढंच म्हणाले, "चला, व्हरांड्यात पाहुणे आले."

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. ताप काय आला आणि आठ दिवसांत माणूस काय गेलं. प्रशांत एकटाच आला, तेरावं करून परतला. त्या दिवाळीनंतर गच्ची कोरीच राहणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण एका सकाळी मीना कपडे वाळत घालायला वर गेली आणि तशीच खाली आली. "काकांनी आखलं आहे," ती म्हणाली.

खाटा अजूनही दोन होत्या. तालमीत मीना सवयीने बोलत बोलत दुसऱ्या खाटेच्या रेघांत बसली.

"मीना, उठ वं," काका हळूच म्हणाले. "तिथं माणूस हाय."

तेव्हापासून आम्ही त्या खाटेला वळसा घालतो.

या वर्षी मात्र प्रशांतचा मलाच फोन आला. तिघांची तिकिटं झाली होती. "सुधीरकाका, बाबांच्या त्या जंगलातल्या बंगल्याचं तेवढं बुकिंग करून टाका. या वेळी जायचंच. अर्णवच मागे लागला आहे."

मी लॅपटॉप घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो. (माझ्या गोलाईच्या माणसाने हे करू नये.) वाटलं होतं, काका उडी मारतील. काका नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "थंडी लय राहते गा तिथं."

"दहा वर्षं तर थंडीतच आखून राहिले ना तुम्ही!"

"रस्ता खराब हाय."

"प्रशांत मोठी गाडी करतो म्हणाला."

"बरं. भर मंग," ते म्हणाले, पण लॅपटॉपकडे न बघता.

फॉर्ममध्ये प्रत्येकाचं नाव आणि वय हवं होतं. काका सांगत गेले, मी भरत गेलो. स्वतःचं. प्रशांतचं. नेहाचं. मग म्हणाले, "सुमन भोयर." माझी बोटं थांबली. तेही थांबले, आणि पुढे गेल्यासारखं करून म्हणाले, "अर्णव. वय पाच."

मला वाटलं, संपलं. काकांचं वय झालं. आणि मी, ज्याला स्वतःच्या शर्टाचा नंबर बायकोला विचारावा लागतो, तो मी त्या माणसाला माप समजावू लागलो. "काका, अर्णव पंधरा वर्षांचा झाला. व्हिडिओवर बघता ना तुम्ही? आता तो त्या ओट्यावर..."

"पाच फूट दहा," काका म्हणाले.

"आँ?"

"मागच्या इतवारी फ्रिजजवळ उभा होता. त्यायचा फ्रिज पाच फूट सात. पोट्टा तीन इंच वर. डोळा चुकला काय माहा?"

"मग पाच वर्षांचा काहून सांगता?"

काका उठले. आम्ही गच्चीवर गेलो. ऊन उतरत होतं. विश्रामगृह तिथे होतंच, या वर्षीचं, ताज्या खडूचं. ते धाकट्या खोलीच्या रेघेबाहेर उभे राहिले. एरवी दार आखलेलं असायचं तिथूनच ते आत जात.

"हे पाय. पाच वर्षांचा असला तं ओट्यावर मावते. पाच फूट दहा असला तं त्याले खाट द्या लागते." त्यांनी बोट दाखवलं. "खाटा दोन हायेत. एक माही, एक हिची. आता सांग सुधीर, कोणती उठवू?"

 आधीची सहा वर्षं हा माणूस प्रशांतच्या नोकरीवर चिडायचा, कॅनडावर चिडायचा. पण गेली चार वर्षं, बेत पुढे गेल्याचा फोन आला की तो शांतपणे फोन ठेवायचा. ते आम्ही वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

"उद्या भरू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच वर गेलो. काका आधीच आले होते. बाजूला पाण्याचा तांब्या, हातात ओलं फडकं. एका खाटेतला जुना आकडा पुसलेला होता आणि तिथली गच्ची अजून ओली होती. तिथे त्यांनी टालावर ओंडक्याच्या तोंडावर लिहीत तसं ठसठशीत लिहिलं होतं, अर्णव ५–१०. ती त्यांची स्वतःची खाट होती. दुसरी तशीच होती, ५–१.

आणि काका ओट्यावर बसले होते. म्हणजे ओट्याच्या रेघांत, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड खिडकीकडे. खिडकीत सध्या आमच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

"तुम्ही कुठे झोपणार मग?"

"बसून राहीन गा. झोप तशीबी कमी झाली. खिडकी हाय."

"तीन दिवस?"

"पोट्ट्याले झाडं दाखवाची हायेत. झोपाले घर हाय."

"काका, फॉर्मवर..."

"फॉर्मवर चार टाक," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "फॉर्मले काय समजते."

मी तिथेच कठड्याला टेकून चार नावं भरली. अर्णवचं वय पंधरा लिहिलं. बुकिंग झालं, तसं सांगितलं.  त्यांनी फक्त उजवा पाय जरा आत ओढून घेतला, रेघेला लागत होता म्हणून.

मला मापातलं काही कळत नाही. काका पाच फूट सात आहेत, हेही त्यांनीच सांगितलेलं. पण त्या सकाळी ते पावणेचार फुटांत मावले होते, आणि वर दोन इंच उरले होते.