लेनर्ड तळघरात, टीम मैदानात

मॅच चालू असताना खुर्ची सोडायची नाही, हा नियम लेनर्ड गोरेत्स्कीने जन्मभर पाळला आणि मोडला तो कोबीच्या बरणीपायी.

तसा माणूस साधा. मिलवॉकीत जन्मला, मिलवॉकीतच टपाल वाटता वाटता रिटायर झाला आणि शहराच्या बेसबॉल टीमवर जीव लावून बसला. टीम दरवर्षी वसंतात आशा लावायची आणि पानं गळायच्या आत तोंडघशी पाडायची. यंदा मात्र ऑक्टोबर उजाडला तरी टीम शिल्लक होती. शनिवारची दुपारची मॅच जिंकली की थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल! लेनर्डने महिनाभर न धुतलेली टोपी चढवली (टीम जिंकत असताना टोपी धुवायची नसते, हे तिथल्या पोराटोरांनाही कळतं, वास घरच्यांनी सोसायचा) आणि टीव्हीसमोर ठाण मांडलं.

"डोळे मिटायच्या आधी आपल्या पोरांना तिथं पोचताना बघायचंय, बस्स," तो जावयाला म्हणाला. हे तो दरवर्षी म्हणे.

तेवढ्यात किचनमधून त्याची बायको डोरीन ओरडली, "लेनी, तळघरातून कोबीची बरणी आण. सॉसेज झालेत."

"अगं, मॅच चालू आहे!"

"मग खा कोरडे."

आंबवलेल्या कोबीशिवाय सॉसेज खाणं गोरेत्स्कींच्या घराण्यात बसत नव्हतं. लेनर्ड कुरकुरत उठला. तो तळघराच्या शेवटच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच डोक्यावरचं छत हादरलं. बरणी छातीशी धरून तो धापा टाकत वर आला.

"होमरन!" जावई क्रेग सोफ्यावर उभा राहून नाचत होता. "काय हाणलाय, सासरेबुवा! तुम्ही होतात कुठं?"

लेनर्ड चडफडत खुर्चीत बसला. तो बसला आणि पाहुण्या टीमने लागोपाठ दोन रन काढले. वैतागून तो बरणीचं झाकण उघडायला पक्कड आणायला खाली गेला, तर वर पुन्हा होमरन. पक्कड घेऊन तो खुर्चीत बसला, तोच पाहुण्यांनी बरोबरी साधली.

क्रेगने टीव्हीचा आवाज बंद केला. तो इंजिनियर होता. "हे बघा, मी अंधश्रद्धा मानत नाही," तो म्हणाला. "पण..."

"पण काय?"

"पण तुम्ही खाली गेलात तर बरं."

"डोरीन, ऐकतेस का हा काय म्हणतोय?"

इतक्या वर्षांच्या संसारात डोरीनने बेसबॉलविषयी 'आपले कुठल्या कपड्यातले?' एवढाच प्रश्न विचारला होता. आज ती झारा हातात घेऊन दारात उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "लेनी, मागं एकदा आपली टीम वर्ल्ड सिरीजला गेली, तेव्हा तुझं अपेंडिक्स काढत होते ना?"

क्रेगने तळघराचं दार उघडून धरलं.

"मी या टीमसाठी जन्म घालवलाय!" लेनर्ड कळवळून म्हणाला.

"अहो, म्हणूनच तर!" क्रेग म्हणाला.

लेनर्डला वाईट वाटलं. पण खरं दुःख हे की, मनातून त्यालाही ते पटलं होतं. टोपी सावरून तो निमूटपणे तळघरात गेला आणि वॉशिंग मशीनवर जाऊन बसला. डोरीनने ठरवून दिलं होतं, वरून एकदा पाय आपटला तर आपला माणूस बाद, दोनदा आपटला तर रन. बेत उत्तम होता. पण वर क्रेगच्या उड्या सुरू झाल्या आणि लेनर्डच्या हिशोबाने टीमचे एका इनिंगमध्ये सतरा रन झाले.

फडताळावर जुना रेडिओ होता. त्याने बटणावर बोट ठेवलं, मग उचललं. टीमपुढे आपला जीव काय! थोड्या वेळाने पायरीवर ताटली वाजली.

"सॉसेज ठेवलेत," वरून डोरीन कुजबुजली. "मी खाली येत नाही रे. मी तुझ्या खुर्चीत बसल्यापासून बरं चाललंय."

"माझ्या खुर्चीत?"

दार लागलं. मग बराच वेळ वर काहीच वाजेना. लेनर्ड फडताळावरची कोबीची दुसरी बरणी कवटाळून बसला. आणि एकदम छताची धूळ त्याच्या टोपीवर पडली, क्रेग किंचाळला, डोरीन त्याहून मोठ्यांदा किंचाळली, "लेनी! शेवटच्या फटक्यावर जिंकलो रे! वर्ल्ड सिरीज!"

तो पायऱ्या कशा चढला त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "रिप्ले! रिप्ले दाखवतायत का? तो फटका तेवढा बघू दे!"

दाखवतच होते. डोरीन धावत आली, तिने त्याला घट्ट मिठी मारली आणि त्या मिठीतच त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून टोपी नाकापर्यंत ओढली.

"अगं, सोड! झालेली मॅच आहे ती!"

"माहितीये रे," डोरीन टोपी आणखी खाली ओढत प्रेमाने म्हणाली, "पण तुझा काय भरवसा?"