गजामामा आणि सिनेमातले वेडे

आमच्या घरात कुठला सिनेमा शेवटपर्यंत बघायचा, हे शेजारचे गजामामा ठरवतात. पडद्यावर एखादं वेडं माणूस आलं, की ते आमच्याच खुर्चीतून उठतात, आमचाच टीव्ही बंद करतात आणि म्हणतात, "खोटा आसा मरे ह्या सगळा!" खुनी कोण हे न कळताच मी किती सिनेमे सोडलेत, देव जाणे. भांडून भांडून थकलो. आता रिमोट मी स्वतःच त्यांच्यापुढे करतो.

मामा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर मालवण-मसुरे गाडी हाकली, त्यामुळे समोरचा चुकला की त्यांना गप्प बसवत नाही. "स्किझोफ्रेनिया झालो म्हणान बाई केस सोडून खदाखदा हसता? अरे, ती हसना नाय, कोपऱ्यात गप बसता!" नायकाचा अदृश्य मित्र कोट घालून समोर बसला, की पारा चढतो. "कोट खंयसून इलो? आवाज येतत रे, आवाज!" शॉक देताना ठिणग्या उडाल्या, तर "भूल देतत, भूल!" असं ते टीव्हीला समजावतात. एकाच अंगातून दोन माणसं निघाली, की "ह्यो रोगच वेगळो" म्हणून चपला शोधायला लागतात. शेवटी ठरलेला निकाल, "त्या डायरेक्टराकच एक गोळी होयी!"

एकदा माझी बायको वैतागून म्हणाली, "मामा, मगे खरा कसा दाखवचा?"

मामा बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. मग म्हणाले, "गोळयेन अंग जड होता, हात कापतत, सकाळी उठूक होना नाय. ता दाखवा. पण ता बघूक तिकीट कोण काढतलो?"

हे सगळं त्यांना घरातूनच ठाऊक. त्यांच्या बायकोला, शालनमामींना, लग्नानंतर थोड्याच वर्षांत हाच स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्या चालू असल्या की मामी बऱ्या असतात. भाकऱ्या भाजतात, माझ्या बायकोशी बांगडे-सुरमईच्या भावावरून तासभर बोलतात. मागे एकदा त्यांनी गोळ्या बंद केल्या, तेव्हा नवऱ्यानं जेवणात विष घातलंय अशी त्यांची खात्री झाली होती. मामा कित्येक महिने त्यांच्या ताटातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवायचे.

गोळी द्यायची मामांची तऱ्हाही न्यारी. तिन्हीसांजेला दिवा लागला, की गोळी हातावर घेऊन तुळशीपुढे ते देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, ही गोळी हिका लागू पडांदे रे म्हाराजा!" देवळात गाऱ्हाण्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. इथे एकट्या मामी म्हणतात आणि गोळी गिळतात. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून आम्हाला रोज ऐकू येतं.

गेल्या रविवारी मामा बाजारात गेले होते आणि मामी आमच्याकडे सिनेमा बघत बसल्या होत्या. त्यातल्या वेड्या नायिकेनं गोळ्या समुद्रात फेकल्या, नायकानं तिला मिठी मारली आणि ती तिथल्या तिथे बरी झाली. मामा दारात आले तेव्हा मिठीच चालू होती. पहिल्यांदाच त्यांनी टीव्ही बंद केला नाही. ते मामींकडे बघत उभे राहिले.

"तिका गोळयेची गरज पडूक नाय," मामी म्हणाल्या.

"चल घराक," एवढंच मामा बोलले.

त्या संध्याकाळी गाऱ्हाणं ऐकू आलं, पण पुढे काहीच नाही. मामांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा शांत. मग त्यांचा आवाज चिरकला, "मिठी मारून ह्या बरा झाला असता, तर माका काय मिठी मारूक येना नाय गो, शालन?"

मी उठलो, गडग्याशी गेलो आणि देवळात ओरडतो तसा ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मागून बायकोही म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मग पलीकडून मामींचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.